सी, डी आणि मधला बांध

आमच्या शिरड शहापूरला जमिनीचा जिव्हाळा जरा जास्तच. हातभर बांधासाठी सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत. गावात मल्लिनाथांचं जैन मंदिर आहे, म्हणजे ‘अपरिग्रह’ हा शब्द लहानपणापासून माझ्या कानांवर आहे. पण कानांवरच.

तेव्हा परवा संगणकाने ‘सी ड्राइव्हमध्ये जागा शिल्लक नाही’ असं कळवताच माझी नजर शेजारच्या वावराकडे, म्हणजे डी ड्राइव्हकडे गेली. तो आमच्या सौभाग्यवतींचा. आत तिचे फोटो, भजनं आणि भरपूर पडीक जागा.

‘‘तू वापरत नाहीस, मग मी घेतली तर काय बिघडलं?’’ मी मोठ्या उदारपणे विचारलं.

‘‘मोठ्या भाऊजींनी बांध कोरला तेव्हा तेही हेच म्हणाले होते,’’ ही म्हणाली. ‘‘तेव्हा तुम्ही औंढ्याला तहसीलात गेला होतात.’’

लग्नाला फार वर्षं झाली की बायकोची स्मरणशक्ती हीच खरी हार्ड डिस्क होते.

शेवटी तिने पन्नास जीबी मंजूर केले आणि मी भाच्याला बोलावलं. तो म्हणाला, ‘‘मामा, विंडोज डीची शेपटी कापतं. जागा निघणार पलीकडच्या टोकाला, तुमच्या सीला लागून नाही.’’ हे मला चटकन कळलं. थोरल्याने ओढ्याकडचे चार गुंठे सोडले, तर माझ्या रस्त्याकडच्या वावराला त्यांचा काय उपयोग? म्हणजे डीचा अख्खा संसार पलीकडे सरकवायचा. त्यासाठी पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून जीपार्टेड नावाचा प्रोग्राम चालवायचा. त्यातही क्रम आहे. वाढवताना आधी हद्द वाढते, मग आतली फाइल व्यवस्था. कमी करताना उलटं : आधी आतला पसारा आवरायचा, मगच कुंपण आत घ्यायचं. घाई केली की कुंपणाबाहेर राहिलेलं गेलंच.

मी म्हटलं, ‘‘अरे, १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली वेगळा झाला. आम्ही एका जिल्ह्यात झोपलो, दुसऱ्यात उठलो. घरातलं भांडं हललं नाही!’’

‘‘इथे सगळी भांडी हलतात मामा. आणि मध्येच लाईट गेली, तर काही भांडी दोन्ही जिल्ह्यांत नसतात. बॅकअप आहे का?’’

बॅकअप नव्हता. बाहेरची डिस्क आणली, डीमधलं सगळं तिच्यात उतरवलं. भाचा म्हणाला, नुसतं उतरवून भागत नाही, उघडून बघायचं. म्हणून एक फाइल उघडली. आतून सासूबाईंचा आवाज आला : ‘‘पोरी, जेवलीस का?’’ अकरा सेकंद. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. हे एवढंच त्यांचं बोलणं उरलंय आणि ते मी ज्याला पडीक म्हणत होतो त्या वावरात होतं, हे मला ठाऊक नव्हतं. ही पदराने चष्मा पुसत बसली. मी उगीचच इन्व्हर्टरचं पाणी बघून आलो.

रात्री काम सुरू झालं. पडद्यावरची पट्टी बैलगाडीच्या चालीने सरकत होती. आम्ही दोघंही जागे. पहाटे संपलं. सी ऐसपैस झाला होता, डी आखडून पण धडधाकट बसला होता. हिने आधी ते अकरा सेकंद ऐकले. मग चहा टाकता टाकता म्हणाली, ‘‘अहो, बॅकअपची ती डिस्क कपाटात ठेवा. आणि भाऊजींना एक फोन करा.’’

डिस्क मी लगेच कपाटात ठेवली.