आद्य तारे आणि दानाचे लक्षण

एका ठिकाणची वस्तू दुसऱ्या ठिकाणी गेली म्हणजे दान घडले, असे होत नाही. देणारा असावा, घेणारा असावा आणि न देणेही देणाऱ्याच्या स्वाधीन असावे. तेव्हाच त्या क्रियेस दान हे नाव शोभते. विज्ञानविषयक लेखनात आद्य ताऱ्यांच्या स्फोटास ‘आत्मदान’ म्हटलेले आढळते. तेथे हे लक्षण लागू पडते काय?

विश्वाचा आरंभ सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वीचा. प्रारंभी हायड्रोजन, हेलियम आणि लेशमात्र लिथियम एवढीच सामग्री होती. माती तर नव्हतीच, पण पाण्यास लागणारा ऑक्सिजनही नव्हता. पुढे दहा-वीस कोटी वर्षांनी वायूंचे मेघ स्वभाराने आकुंचन पावले व पहिले तारे प्रदीप्त झाले. त्यांतील कित्येक सूर्याच्या दसपटीपासून शेकडोपटीपर्यंत जड असावेत, असे गणित सांगते. जो अधिक जड तो अधिक अल्पायुषी. सूर्याचे आयुष्य सुमारे 1000 कोटी वर्षांचे, तर या महाकायांचे अवघे काही दशलक्ष वर्षांचे. त्यांच्या गर्भात कार्बन, ऑक्सिजन, कॅल्शियम असे क्रमाने घडत जाऊन शेवटी लोह तयार होई. लोहाच्या संमीलनातून ऊर्जा निघत नाही. मग भार तोलणारा दाब सरतो, गाभा क्षणार्धात कोसळतो आणि बाहेरचे थर अवकाशात उधळले जातात. यात ताऱ्याने ठरविले असे काहीच नाही. जड ते जडाच्या नियमाने वागले.

2014 साली ऑस्ट्रेलियातील सायडिंग स्प्रिंग वेधशाळेच्या आकाशपाहणीतून सापडलेल्या एका अतिप्राचीन ताऱ्याची वार्ता प्रसिद्ध झाली. त्याच्या प्रकाशात कार्बनच्या खुणा मिळाल्या, लोहाचा मात्र मागमूस लागला नाही. त्याच्या आधी सुमारे 60 सूर्यांएवढा एक तारा फुटला असावा. त्याचा कार्बन बाहेर पडला आणि लोह मागे उरलेल्या कृष्णविवरात परत कोसळले, असा संशोधकांचा निष्कर्ष. आता या ताऱ्यास कृपण म्हणावे काय? ते हास्यास्पद होईल. मग इतरांस उदार म्हणणेही तितकेच निराधार ठरते.

यावर पूर्वपक्ष असा की, दाता नाही तर ऋणही नाही. मिळाले ते आपलेच. हे घाईचे अनुमान होय. नदीने पाणी दिले नाही, म्हणून ते गढूळ करण्याचा अधिकार वरच्या गावास प्राप्त होत नाही. खाली पिणारे आहेतच. माणसाच्या रक्तातील लोह बहुतांशी पुढील पिढ्यांच्या ताऱ्यांत घडले, आणि तेही कोणी दिलेले नाही. परंतु दारी आलेल्या भिक्षुकास अर्धी भाकरी वाढणारी गृहिणी ती ठेवूनही घेऊ शकत होती. ताऱ्याला हा पर्याय कधीच नव्हता.