भाषणातील विचार : शोध आणि किंमत

सार्वजनिक भाषणासाठी विचार कोठून मिळतो, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा तंत्राचा मानला जातो. महाविद्यालयीन वक्तृत्वस्पर्धांतून तर तो चिठ्ठी उचलूनच सोडवला जातो. विषय हाती आला की पाठ असलेली सुभाषिते त्याला चिकटवायची, एवढेच उरते. ॲरिस्टॉटलच्या वक्तृत्वमीमांसेत युक्तिवाद जेथून शोधावेत अशा 'स्थानां'ची चर्चा आहे, आणि रोमन परंपरेने आशयशोध हे वक्तृत्वाच्या पाच अंगांपैकी पहिले अंग मानले. या परंपरेचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु तिच्यात शोध घेतला जातो तो प्रामुख्याने पटवण्याच्या साधनांचा. पटवण्याजोगे मुळात काय आहे, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे आणि तो नैतिक आहे.

न्यायदर्शनाने कथेचे वाद, जल्प आणि वितंडा असे भेद केले. वादाचे प्रयोजन तत्त्वनिर्णय, जल्पाचे विजय. वितंडेत स्वतःचा पक्ष न मांडता केवळ प्रतिपक्षाचे खंडन होते. हे भेद समोरासमोर बसलेल्या दोन पक्षांना लागू पडतात. व्यासपीठावरून होणाऱ्या भाषणात मात्र प्रतिपक्ष गप्प बसलेला असतो. उत्तर देण्याची संधी नसलेल्या समूहापुढे बोलणाऱ्यावर म्हणूनच एक जादा जबाबदारी येते : प्रतिपक्षाचे काम त्याने स्वतःच करावयाचे असते. आपला विचार कोणाला अडचणीचा ठरेल आणि त्या अडचणीत आपण स्वतः सापडतो की नाही, हे त्याला पडताळून पाहावे लागते.

साहित्यसंमेलनांच्या अध्यक्षीय भाषणांकडे या दृष्टीने पाहावे. मराठीची उपेक्षा, इंग्रजी माध्यमाचे आक्रमण, वाचनसंस्कृतीचा ऱ्हास : यांतील कोणतेही विधान सहसा असत्य नसते. तरीही ते ऐकून मंडपातील कोणालाच काही सोडावे लागत नाही, शासनालाही नाही आणि वक्त्यालाही नाही. टाळ्या पडतात, कारण सर्वांचे आधीच एकमत असते. सत्य असणे ही विचाराची आवश्यक अट आहे. पुरेशी अट नव्हे.

१९७५ च्या कराड संमेलनातील दुर्गाबाई भागवतांची भूमिका येथे आठवते. लेखकाचे स्वातंत्र्य हा विषय तेव्हाही जुनाच होता. विधान म्हणून त्यात नवे काही नव्हते. पण देशात आणीबाणी होती आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्रिमंडळातील यशवंतराव चव्हाण. त्या स्थळी, त्या काळी तेच विधान विचार झाले. १९७६ मध्ये दुर्गाबाईंना अटक झाली. आज कोणी त्यांचेच शब्द निर्धास्तपणे पुन्हा उच्चारले तर त्यांत स्मरण असेल, विचार असेलच असे नाही. विचाराचे मोल विधानात जेवढे असते तेवढेच प्रसंगातही असते, असे यावरून म्हणावे लागते.

यातून एक सोपा गैरसमज मात्र होऊ शकतो : श्रोत्यांना दुखावले की विचार मांडला गेला. वितंडेची ही आधुनिक आवृत्ती आपल्या समीक्षाव्यवहारालाही अपरिचित नाही. तिचा प्रतिवाद डॉ. आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या, घटनासमितीतील समारोपाच्या भाषणात मिळतो. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारले जावयाचे होते. प्रसंग गौरवाचा होता आणि मसुदा समितीच्या अध्यक्षाने कृतकृत्यतेचे बोल काढले असते तर कोणीही आक्षेप घेतला नसता. त्यांनी सभागृहापुढे ठेवली ती विसंगती : २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता असेल, सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशाराही त्यांनी दिला. परंतु त्याच भाषणातील दुसरी एक सूचना अधिक बारकाईने वाचावयास हवी. संवैधानिक मार्ग खुले झाल्यावर सविनय कायदेभंग, असहकार, सत्याग्रह यांचा त्याग करावा, असे त्यांनी सांगितले. हे सांगणाऱ्याने १९२७ मध्ये महाडचा आणि १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालवला होता. जे शस्त्र खाली ठेवा असे ते सत्ताधाऱ्यांना सांगत होते, ते त्यांचे स्वतःचेही होते. आणि ज्या समाजाला त्याची गरज अद्याप सर्वांत अधिक होती, त्याच समाजाचे ते नेते होते. या सूचनेशी मतभेद असू शकतो. संवैधानिक मार्ग कागदावर खुले आणि व्यवहारात बंद असतील तर काय, हा प्रश्न तेथे पुरता सुटलेला नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. तथापि, वक्ता आपल्या विचाराच्या कक्षेबाहेर उभा नाही, एवढे निश्चित. विचार सापडतो तो अशा ठिकाणी, जेथे श्रोत्यांची सोय आणि वक्त्याची सोय दोन्ही एकदमच पणाला लागतात.

अर्थात या कसोटीत व्यासपीठ गृहीत धरलेले आहे. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यातील ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण पाठवले तेव्हा महात्मा फुल्यांनी ते गृहीतच नाकारले. जे लोक माणसामाणसांचे हक्क व्यवहारात मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आपला मेळ बसणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. वाटून घ्यावयाचा विचार जोतीरावांपाशी होता. तो ज्यांच्याबरोबर वाटून घ्यावयाचा, ते 'आपण' मात्र अद्याप अस्तित्वात आलेले नव्हते. म्हणून त्यांनी भाषण केले नाही, पत्र लिहिले. आपली समीक्षा त्या पत्राची नोंद बहुधा संमेलनांच्या इतिहासात, एक नकार म्हणून करते. मराठी वक्तृत्वाच्या इतिहासात त्याला जागा दिलेली क्वचितच आढळते.