राजाज्ञा आणि न्याय

एका अधिकाऱ्याच्या आज्ञेनें देशांत न्याय स्थापित होतो काय? अमेरिकेंतील एका उदाहरणावरून आम्ही ह्या प्रश्नाचा विचार करूं.

सन २०२० च्या मे महिन्याच्या २५ तारखेस मिनियापोलिस शहरांत एका पोलिसानें जॉर्ज फ्लॉइड नामक कृष्णवर्णीय मनुष्याच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक वेळ गुडघा दाबून धरिला, आणि तो मनुष्य मरण पावला. पोलिसांस जाब विचारणारें विधेयक कनिष्ठ सभेंत मंजूर झालें, परंतु वरिष्ठ सभेंत अडून राहिलें. तेव्हां सन २०२२ मध्यें, त्याच तारखेस, अध्यक्ष बायडन ह्यांनीं स्वतःच्या अधिकारांत आज्ञा काढिली. तिनें गळा दाबून धरण्यावर निर्बंध घातला, आणि मध्यवर्ती सरकारच्या पोलिसांच्या गैरवर्तनाची नोंदवही ठेवविली.

आज्ञा चांगली होती, परंतु तिचा हात आखूड होता. मध्यवर्ती सरकारचे एक लाखाहून अधिक पोलीस तिला बांधले गेले. पण त्या देशांतील पोलीस खातीं सुमारें १८,०००, आणि त्यांपैकीं बहुतेक आपापल्या शहरास किंवा राज्यास जबाबदार. त्यांस अध्यक्ष द्रव्यसाहाय्यानें वळवूं शकतो. हुकूम करूं शकत नाहीं. शिवाय जें एका लेखणीनें लिहिलें तें दुसरी लेखणी पुसते. सन २०२५ च्या जानेवारी महिन्याच्या २० तारखेस अध्यक्ष ट्रंप ह्यांनीं ती आज्ञा रद्द केली, आणि नोंदवही बंद झाली.

योशीया राजाची गोष्ट वाचकांस ठाऊक आहेच. त्यानें मूर्ति फोडविल्या, वेदी पाडविल्या. परंतु तो मगिद्दो येथें पडल्यावर त्याच्याच पुत्रांनीं वाईट तें केलें. वेदी मोडल्या होत्या, अंतःकरणें मोडलीं नव्हतीं.

तर मग अशी आज्ञा व्यर्थ होय काय? आम्ही तसें म्हणत नाहीं. आपल्या हातून होईल तेवढें न्यायाचें काम जो अधिकारी करीत नाहीं, तो दोषी आहे. पण सर्व भार त्याच्यावर टाकून जे स्वस्थ बसतात, तेहि दोषी आहेत. आपल्या खेड्यांतहि भला फौजदार आला म्हणजे गरिबास दाद मिळते, आणि त्याची बदली झाली कीं पुनः पूर्ववत् होतें.

म्हणून बंधूंनो, भल्या अधिकाऱ्यासाठीं देवाचे आभार माना, परंतु तेवढ्यावर विसंबूं नका. टिकणारा कायदा मागा. जें पाहिलें त्याची खरी साक्ष द्या. आणि ज्यास मार बसला त्याच्याबरोबर चौकीच्या दारापर्यंत चालत जा. अधिकारी बदलतील, हें कर्तव्य बदलत नाहीं.