फोनमध्ये न मावणारा सूर

बास म्हणजे काय हे महाराष्ट्राला डॉल्बीने शिकवलं. मिरवणुकीत खिडक्यांची तावदानं थरथरली, आजोबांनी छातीवर हात ठेवला, की तो बास. त्यामुळे मी हौसेखातर बास गिटार वाजवतो असं सांगितलं की ऐकणारा थोडा मागे सरकतो, नाहीतर 'गिटार' एवढंच ऐकून 'मग होऊन जाऊ द्या एखादं गाणं' म्हणतो. इथे पंचाईत होते. नुसत्या बासवर वाजवलेलं गाणं वाजवणारा सोडला तर सहसा कुणाला ओळखू येत नाही. माझ्या मावशीने एकदा सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'दोन तारा कमी आहेत म्हणून असं होतंय का रे?'

तारा कमी आहेत हे खरं. गिटारीला सहा, हिला चार, आणि त्याही एक सप्तक खाली. पण मावशीचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. गाण्याचा चेहरा बासवाल्याकडे नसतोच. त्याच्या हातात असतो तो त्या चेहऱ्यावरचा भाव. वर गायक 'सा' धरून बसला आहे असं समजा. खाली बासने मध्यम लावला तर तोच सा उजळ, ऐसपैस वाटतो. धैवत लावला तर तोच सा उदास होतो. गायकाने काहीही केलेलं नसतं. म्हणजे वर कुणी गात असेल तरच माझ्या मध्यमाला किंवा धैवताला काही म्हणता येतं. एकट्याने वाजवला तर तो नुसता एक जाडसर आवाज. या वाद्याला सोबत लागते, आणि २०२० सालच्या लॉकडाऊनने नेमकी तीच काढून घेतली.

त्या वर्षाची एक आठवण सगळ्यांकडेच आहे. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या. त्यावर राजकीय बोलायचं ते सगळे बोलून झाले आहेत. मी बासवाल्याच्या कानाने ऐकत होतो आणि मला प्रश्न पडला होता की एवढी माणसं एकाच वेळी वाजवताहेत, तरी एक ठेका का जमत नाही? लोकांना ताल नव्हता हे एक कारण. पण दुसरंही आहे. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. शंभर मीटरवरच्या इमारतीतली थाळी माझ्या कानापर्यंत यायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा घेते. मी तिच्याशी जुळवून घेतलं, तर माझी थाळी तिकडे आणखी तेवढीच उशिरा पोहोचणार. दोघंही इमानदारीने एकमेकांची वाट पाहात बसले तर लय मंदावत मंदावत थांबेल. जगभरच्या हौशी बँडना पुढचं वर्ष-दीड वर्ष जे भोगावं लागलं ते हेच, फक्त थाळीच्या जागी इंटरनेट होतं.

वादकांमध्ये सर्वसाधारण समज असा की पंचवीस-तीस मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर कान पोटात घालतो. म्हणजे समोरचा साधारण दहा मीटरवर उभा आहे असं धरून वाजवायचं. व्हिडिओ कॉलवर हा उशीर सहज शंभर-दीडशेवर जातो. ड्रमर मैदानाच्या त्या टोकाला आणि आपण या टोकाला. शिवाय ही कॉलची ॲप्स माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली. सलग चालणारा खालचा आवाज त्यांना पंख्याची किंवा मिक्सरची घरघर वाटतो आणि ती तो इमानेइतबारे गाळून टाकतात. आमच्या बँडच्या पहिल्या ऑनलाइन बैठकीत सगळ्यांना माझी बोटं दिसत होती, आवाज कुणालाच येत नव्हता. गिटारवाला म्हणाला, 'फरक काहीच नाही.' असले विनोद बासवाल्याने पचवायचे असतात.

उपाय होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संगीत-संशोधकांनी घडवलेलं जॅकट्रिप हे सॉफ्टवेअर होतं, फुकट मिळणारं जॅमुलस होतं. एकाच शहरात असाल, वायफाय सोडून संगणकाला केबल जोडलीत, तर जॅमुलसवर खरोखर एकत्र वाजवता येतं. आम्ही वाजवलं. ठेका जमला. तरी काहीतरी बेचव होतं. ते बहुधा माझ्या वाद्याच्या बाजूने बेचव होतं.

बासच्या सगळ्यात खालच्या तारेचा सूर सेकंदाला ४१ कंपनांचा. त्याची एक लाट सव्वाआठ मीटर, म्हणजे सत्तावीस फूट लांब. आमचा हॉल तेवढा लांब नाही. अशा खोलीत खालचे सूर कोपऱ्यात जाऊन घुमतात आणि मधल्या सतरंजीवर बसणाऱ्याला भलतेच बारीक ऐकू येतात. आणि भिंती त्यांना फारशा अडवत नाहीत. मी वाजवलेला बास माझ्यापेक्षा खालच्या मजल्यावर जास्त ऐकू जातो. त्या काळात कुठल्या मजल्यावर कोण आजारी आहे हे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज येत होतं. ॲम्प्लिफायर लावायची हिंमत होईना. मग हेडफोन. हेडफोनमध्ये सूर स्वच्छ येतो, चुका अगदी उघड्या पडतात, सरावाला उत्तम. पण बास अर्धा पायांनी आणि बरगड्यांनी ऐकायचा असतो. तो अर्धा भाग हेडफोनमध्ये नसतो.

फोनमध्ये तर सूरच नसतो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला ४१ कंपनं झेपतच नाहीत. तरीही फोनवर गाणं ऐकताना आपल्याला बासची चाल कळते. कारण तारेतून मूळ सुराबरोबर ८२, १२३, १६४ असे त्याच्या पटीतले सूरही निघतात. वरचे तेवढे कानावर पडले की मेंदू खालचा, गैरहजर सूर स्वतःच भरून काढतो. मला हे फार आवडतं. तानपुऱ्याच्या खर्जाच्या बाबतीतही असंच काहीसं होतं. लहान रेडिओवर लागलेल्या ख्यालात खर्ज जवळजवळ पोहोचतच नाही, पण त्याची जागा ऐकणाऱ्याला माहीत असते. लॉकडाऊनमध्ये संगीत प्रामुख्याने फोनवर ऐकलं गेलं. त्या महिन्यांत जगातले बहुतेक बासवादक लोकांच्या डोक्यात वाजत होते, असं म्हटलं तर ते भौतिकशास्त्राला धरून आहे.

पडद्याचे चार-सहा चौकोन करून, प्रत्येक चौकोनात एकेक वादक हसतोय, अशा व्हिडिओंची तेव्हा साथच आली होती. माझं मत त्यांच्याबद्दल वाईट आहे. त्यातलं कुणी कुणाचं ऐकत नसतं. सगळे आपापल्या घरी, कानात क्लिक म्हणजे ठेक्याची टिकटिक लावून, वेगवेगळ्या दिवशी वाजवतात. नंतर कुणीतरी रात्री जागून जोडतो. चूक एकही नसते. पण जुनी रेकॉर्डिंगं ऐका. अंतऱ्याकडे जाताना ड्रमर किंचित पुढे सरकतो, बास त्याला हलकेच मागे ओढतो, आणि या ओढाताणीत गाणं चालायला लागतं. क्लिकला मागे ओढता येत नाही.

आता सामानाबद्दल. घरात अडकलेल्या जगाने गिटारी घेतल्या. फेंडर कंपनीची त्या वर्षी विक्रमी विक्री झाली. कंपनीने आपले ऑनलाइन धडे तीन महिने फुकट दिले आणि लाखो लोकांनी नावं नोंदवली. मीही तेव्हा रात्रीच्या रात्री बास पाहण्यात घालवल्या. तारांखालची फळी शिसवाची की दुसऱ्या कुठल्या लाकडाची यावर लोक किती भांडतात ते वाचून करमणूक व्हायची. शिसव आपल्या दक्षिणेकडच्या रानातलं, जगभरच्या बऱ्याच गिटारींच्या फळ्यांना तेच लागतं. २०१७ मध्ये त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आली तेव्हा कंपन्यांची धावाधाव झाली. २०१९ च्या शेवटी वाद्यांना सूट मिळाली. या सगळ्यात आवाजात काय फरक पडला? माझ्या मते डोळे मिटले तर कुणालाही सांगता येणार नाही. पुण्याच्या पावसाळ्यात बासची मान वाकते, तारा फळीपासून वर जातात, मानेतली ट्रस रॉड नावाची सळई पाव फेरा फिरवली की मान पुन्हा सरळ होते. त्या पाव फेऱ्याने माझ्या वाजवण्यात जो फरक पडतो तो कुठल्याही लाकडाने पडलेला नाही.

हा वाद जेम्स जेमरसनपाशी संपायला हवा. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची साठच्या दशकातली असंख्य गाणी याने वाजवली. एक १९६२ सालचा फेंडर प्रिसिजन, गुळगुळीत तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, आणि उजव्या हाताचं एकच बोट. तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही. एवढी गाणी वाजवूनही मोटाउनच्या तबकडीवर त्याचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं ते १९७१ मध्ये, मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. आपल्याकडेही वेगळं नव्हतं. आर. डी. बर्मन यांच्याकडे बास वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचं नाव तबकडी विकत घेणाऱ्या किती जणांना ठाऊक होतं? पोवाड्यात शाहिराच्या मागे उभा राहून 'जी जी' म्हणणाऱ्या झीलकऱ्याचं नाव कोण विचारतं, तसंच हे.

बासवाला नकोच, त्याच्या जागी यंत्र ठेवू, असाही प्रयत्न झाला. १९८१ मध्ये रोलंड कंपनीने टीबी-३०३ नावाची पेटी काढली. कल्पना अशी की गिटारवाल्याला घरी एकट्याला सराव करायचा असेल तर ही खाली बास धरेल. लॉकडाऊनची सगळी गरज त्या पेटीत चाळीस वर्षं आधीच ओळखलेली होती. पण ती बाससारखी वाजेच ना. चिवचिवणारा, चिकट असा काहीतरी आवाज. १९८४ पर्यंत उत्पादन बंद. मधल्या काळात मुंबईतल्या चरणजित सिंग या फिल्मी वादकाने ती घेतली आणि १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून तबकडी काढली. ती फारशी चालली नाही. पुढे शिकागोच्या तरुणांनी याच पेटीतून 'ॲसिड हाउस' नावाचं नृत्यसंगीत काढलं, आणि २०१० मध्ये सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा तसंच काहीसं मुंबईत आधीच वाजलेलं ऐकून पाश्चात्य श्रोते चक्रावले. यंत्राला माणसाची नक्कल करायला लावली तर ते हास्यास्पद ठरतं, त्याच्या स्वभावाने वागू दिलं तर त्यातून नवं काही निघतं. चौकोनी व्हिडिओंवरचा माझा राग यातूनच येतो. ती नक्कल होती.

हे सगळं मी महिन्याच्या महिन्याला पगार जमा होत असताना म्हणतो आहे, हे विसरून चालणार नाही. ऑर्केस्ट्रात वाजवणारे, बँजो पार्ट्या, लग्नातली ब्रास बँड पथकं, यांचा हंगाम बुडाला तो पुरता बुडाला. लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, २०२० मध्ये लालबागच्या राजाचीही मूर्ती बसली नाही, मिरवणुका नाहीत. माझं दुःख वाजवायला मिळत नाही एवढंच होतं. त्यांच्या घरी वाद्यं विकायला निघाली. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या बासच्या जाहिराती तेव्हा अचानक वाढल्या आणि त्यातला कुठला बास कंटाळलेल्या हौशी माणसाचा आणि कुठला पोट हातावर असलेल्याचा हे फोटोवरून कळायचं. दुसऱ्या प्रकारच्या बासवर बोटांच्या जागी पॉलिश उडालेलं असे. तसला एक समोर आला, किंमत हास्यास्पद कमी होती, मी घेतला नाही. मित्र म्हणाले, घ्यायला हवा होतास, त्याला पैसे तरी मिळाले असते. तेही बरोबर असेल.

जॅम रूम उघडल्या तेव्हा आम्ही मास्क लावून गेलो. तासाच्या भाड्याची, अंड्यांचे ट्रे भिंतींना चिकटवलेली तीच खोली. पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांनी गरजेपेक्षा मोठ्याने वाजवलं. जमिनीतून सूर पायात चढत होता. मग ड्रमर थांबला आणि म्हणाला, 'अरे, तू हलतच नाहीयेस. भिंतीसारखा वाजवतोयस.' कानात क्लिक लावून केलेल्या एवढ्या महिन्यांच्या सरावाने माझी लय घड्याळासारखी झाली होती. मला वाटलं होतं तो कौतुक करेल. मी म्हटलं, 'मी जागेवर आहे, तूच घसरतोयस.' तो म्हणाला, 'मी घसरणारच, तू माझ्याबरोबर यायचंस.' गिटारवाल्याने मास्क खाली ओढून सांगितलं की त्याला दोघांचंही काही ऐकू येत नाही, पण भाडं चालू आहे. हा वाद अजून मिटलेला नाही. रविवारी आम्ही पहिल्या गाण्यानंतर तोच काढतो, आणि दुसऱ्या गाण्यात तो थोडा कमी घसरतो, मी थोडा जास्त.