शाळेसाठी दान आणि शाळेचा हक्क



जळगाव-धुळे भागातील जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी देणग्या गोळा करणारी एखादी संस्था काढावी, असे आपल्यातील काही शिकलेल्या, नोकरीस लागलेल्या मंडळींना वाटते. हेतू चांगला आहे. परंतु पावतीपुस्तक छापण्यापूर्वी एका प्रश्नाचा विचार झाला पाहिजे. जे काम शासनाचे आहे, त्यासाठी दान मागणे योग्य आहे काय?

सरकारी शाळेचा पैसा मुळात कोणाचा? सरकारी तिजोरी रयतेच्या श्रमातून भरते आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो, हे जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनीही असाच हिशेब ठेवला. सरकार अबकारीपोटी दर माणशी दोन रुपयांहून अधिक घेत होते आणि शिक्षणावर चौदा आणे खर्च करीत होते. जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. पुढे २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क मान्य झाला. हक्काची वस्तू उपकार म्हणून घ्यावयाची नसते.

मग दान नकोच काय? तसेही नाही. सरकारकडे हिशेब मागणाऱ्या बाबासाहेबांनीच १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. दान ही दहा पारमितांपैकी एक आहे. मात्र ज्या दानाने देणाऱ्याचा अहंकार वाढतो आणि घेणाऱ्याची मान खाली जाते, ते धम्माचे दान नव्हे.

२०२३ साली महाराष्ट्र शासनाने शाळा दत्तक देण्याची योजना काढली. ग्रामीण शाळेला पाच वर्षांत ५० लाखांच्या किंवा दहा वर्षांत १ कोटीच्या वस्तू व सेवा देणाऱ्यास आपल्या पसंतीचे नाव शाळेला जोडण्याची मुभा त्यात ठेवली. ज्या मजुराच्या करावर ती शाळा इतकी वर्षे चालली, त्याचे नाव मात्र कोठेच नाही!

दुसरे उदाहरण धुळे जिल्ह्याचेच आहे. परदेशात नोकरी करणारे धुळ्याचे हर्षल विभांडिक यांनी गावोगावी सभा घेऊन जिल्हा परिषद शाळांत डिजिटल वर्ग उभे केले. त्यांनी स्वतःचा पैसा घातला आणि गावकऱ्यांनीही वर्गणी काढली. ज्याने वर्गणी दिली, तो उद्या शाळेत जाऊन वर्ग चालू आहे की बंद, हे विचारू शकतो.

म्हणून संस्था जरूर काढावी. पण काही नियम पाळावेत. शिक्षक, वर्गखोली, पाणी व शौचालय ही शासनाची जबाबदारी आहे. त्यासाठी देणगी न मागता पाठपुरावा करावा. देणगीतून ग्रंथालय, प्रयोगाचे साहित्य आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले गावात राहून शिकतील अशी सोय करावी. धर्मादाय कार्यालयात नोंदणी करून दरवर्षीचा हिशेब शाळेच्या भिंतीवर लावावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यांना विचारल्याशिवाय एक रुपयाही खर्चू नये. आणि प्रत्येक घराकडून, दहा रुपये का होईना, वर्गणी घ्यावी.

जिल्हा परिषदेची शाळा ही पारधी, भिल्ल, पावरा आणि आपल्या मुलांची शाळा आहे. तिच्यासाठी काम करणाऱ्याच्या एका हातात पावतीपुस्तक असावे आणि दुसऱ्या हातात शासनाकडे द्यावयाचा अर्ज. पावतीपुस्तक भरले म्हणून अर्ज खाली ठेवावयाचा नाही.