दोन स्टेशनांवरचे पुस्तक

वाशिंदहून कसारा लोकलने मुंबई गाठायला दीड तासाहून अधिक वेळ जातो. तेवढ्यात शेजारच्याला एखादे चांगले पुस्तक सहज सुचवता येते.

पहिले नाव गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’चे. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध दिलेल्या लढ्याची ही हकिगत. तिला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९४५ साली किसान सभेच्या ज्या परिषदेला वारली आले, ती भरली होती टिटवाळ्यात. वाशिंदपासून अवघी दोन स्टेशने! वाचणाऱ्याला हे आवर्जून सांगावे.

विज्ञानाची गोडी असणाऱ्याला जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह द्यावा. आत्मकथनात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’च्या प्रांजळपणाला तोड नाही.

मात्र नुसते ‘छान आहे’ म्हणू नका. काय आवडले, का आवडले, तेही सांगा.