चार बाटल्या

सप्तशृंग गडाच्या पायथ्याला, वणीपासून जवळच एक वाडी होती. डोंगरातून आलेला ओहोळ वाडीच्या कडेनं वाहत जाऊन ओझरखेड धरणाच्या पाण्याला मिळायचा. ओहोळाच्या काठी गावविहीर, तिच्यावर नळयोजना आणि दोन्ही अंगांना द्राक्षबागा.

या वाडीला आपल्या पाण्याचा मोठा अभिमान होता. आरोग्य खातं पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर गावोगावच्या पाण्याच्या ठिकाणांची पाहणी करतं आणि धोका बघून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतं. वाडीला दरवेळी हिरवंच मिळत आलं होतं. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं की चंदेरी कार्ड मिळतं, आणि हे पाचवं वर्ष होतं. सरपंच अण्णांनी पंचायतीच्या भिंतीवर त्यासाठी जागा मोकळी ठेवली होती.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं शिक्षण मिळतं. वाडीतल्या पाचजणींत आप्पांची धाकटी सून होती. दिवसा बागेत, संध्याकाळी स्वयंपाकघरात आणि उरलेल्या वेळात तिच्या हातात तपासणीचं किट. पाऊस सरला, गोडी छाटणीची धांदल सुरू झाली, तेव्हा तिनं गावविहिरीचं पाणी बाटलीत खुणेपर्यंत भरलं, झाकण घट्ट लावलं आणि बाटली उबेला ठेवली. अशा बाटलीतलं पाणी काळं पडलं, तर त्यात शेण किंवा मैला उतरल्याचा संशय धरायचा असतो. दुसऱ्या दिवशी बाटली काळी झाली होती.

मग तिनं नायट्रेट पाहिलं. या चाचणीत पाणी गुलाबी होतं, आणि रंग जितका गडद तितकं नायट्रेट जास्त. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावं. तिच्या नळीतला रंग तक्त्यावरची ती खूण ओलांडून गेला होता.

ती नोंदवही घेऊन पंचायतीत गेली. अण्णांनी आकडा वाचला आणि वही मिटली.

"सूनबाई, पाहणी चार दिवसांवर आलीय. आज टीसीएल पावडर जरा जास्त टाकायला सांगतो. उद्या नळाचं पाणी घे आणि तेच लिही. गावाच्या नावाचा प्रश्न आहे."

"अण्णा, टीसीएल आजच टाकायला हवी, लोकांना पाणी प्यायचंय. पण टीसीएलनं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उकळून तर ते आणखी घट्ट होतं. तान्ह्या पोरांना त्याचाच धोका जास्त. नळाचं चांगलं लिहिलं तर विहिरीत काय उतरतंय ते कोण शोधणार?"

अण्णा गप्प राहिले. माणूस वाईट नव्हता. त्यांना गावाची लाज वाटत होती, आणि लाजेपोटी माणूस दुखणं झाकतो.

सुनेनं वाद घातला नाही. हातपंपाचं पाणी तपासलं, ते चांगलं निघालं. तान्ही मुलं असलेल्या घरांना तिनं तिथूनच पाणी भरायला सांगितलं. मग चार बाटल्या घेऊन ती चढावर गेली. पहिली डोंगराखालच्या झऱ्यावर भरली, दुसरी वरच्या बागेतल्या विहिरीवर, तिसरी स्वतःच्या घराच्या गोठ्याखालच्या विहिरीवर आणि चौथी पुन्हा गावविहिरीवर. चारही ठिकाणी नायट्रेटही पाहिलं.

झऱ्याचं पाणी दोन्ही चाचण्यांत नितळ राहिलं. वरच्या बागेतल्या विहिरीची बाटली काळी पडली नाही, पण नायट्रेटचा रंग गडद आला. गोठ्याखालच्या विहिरीत मात्र बाटली काळी आणि रंगही गडद. गावविहिरीतही तेच. डोंगरातून चांगलं येणारं पाणी बागेशी खताचं ओझं घेत होतं आणि आप्पांच्या उकिरड्याशी शेणाचं.

रात्री आप्पांनी वही पाहिली. "आपलंच नाव लिहिणार तू?"

"आप्पा, नाव नाही लिहायचं, जागा लिहायची. पण जागा आपली आहे."

आप्पा न जेवताच उठले.

ग्रामसभेत गलका झाला. कुणी वरच्या वस्तीला दोष दिला, कुणी यात्रेकरूंना. कुणी म्हणालं, किटच खराब असेल. तेव्हा नाशिकला नमुना पाठवून प्रयोगशाळेत तपासून घ्यायचं ठरलं. तिथूनही तसाच अहवाल आला. पुन्हा सभा भरली, पुन्हा तेच बोलणं सुरू झालं. मग आप्पांच्या आई, थोरल्या बाई, काठी टेकत उभ्या राहिल्या.

"गडावरची आई मान कलती करून उभी आहे. समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी बोलतात आणि ती कान देऊन ऐकते, असं आपण लेकरांना सांगतो. देवी ऐकून घेते, आणि आपल्याला एका पोरीचं ऐकवत नाही?"

सभा शांत झाली. आप्पा उठले. "उकिरडा माझा आहे. उद्यापासून हलवतो." त्यांच्यामागून वरच्या बागेचा मालक उठला. "मी खत अंदाजानं टाकत आलो. आता माती आणि देठ परीक्षण करून टाकीन." शेवटी अण्णांनी वहीतल्या खऱ्या आकड्यांखाली सही केली.

त्या वर्षी वाडीला लाल कार्ड मिळालं.

मग काम सुरू झालं. उकिरडा विहिरीपासून लांब, उताराच्या दुसऱ्या अंगाला पक्क्या खड्ड्यात गेला. गोठ्याचं मूत आणि धुवण हौदात साठवून थोडं थोडं शेतात जाऊ लागलं. गावविहिरीचा फुटका ओटा बांधून घेतला, कठडा उंच केला. फवारणीचे ब्लोअर ओहोळात धुणं बंद झालं. त्यांच्यासाठी बागेतच वेगळी जागा केली. बागांना खत एकदम न देता ठिबकमधून वेलीच्या गरजेइतकं देऊ लागले. ओहोळाच्या काठानं वाळा आणि करंज लावले, म्हणजे पावसाबरोबर माती वाहून येणार नाही.

पुढच्या पावसानंतर गावविहिरीची बाटली नितळ राहिली. नायट्रेट मात्र थोडंच उतरलं होतं. काही जण हिरमुसले. सुनेनं समजावलं, की वर्षानुवर्षं जमिनीत मुरलेलं एका पावसात निघत नाही. लोकांनी धीर धरला, कारण आता आकडा खरा आहे हे त्यांना ठाऊक होतं. खरा आकडा हळू उतरला तरी तो उतरताना दिसतो. तिसऱ्या वर्षी नळीतला रंग खुणेच्या आत आला आणि वाडीला पुन्हा हिरवं कार्ड मिळालं.

चंदेरी कार्डासाठी राखलेल्या भिंतीवर अण्णांनी फळा लावला होता. त्यावर दर महिन्याला चारही जागांचे आकडे लिहिले जात, चांगले असोत की वाईट. शेजारच्या गावचे लोक येऊन ते वाचू लागले आणि आपापल्या विहिरींवर बाटल्या भरू लागले. अण्णा त्यांना सांगत, "आपलं पाणी आपल्यापाशी थांबत नाही. ते ओझरखेडमधून पुढे कादवेकडे जातं. कादवा नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीत मिळते. तिथलं पाणपक्ष्यांचं अभयारण्य महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. त्याच्याही खाली जायकवाडीवर मराठवाडा तहान भागवतो. मोठ्या नद्यांचं पाणी प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरावीक ठिकाणी तपासतं. पण आपल्या ओहोळाची वही आपणच लिहायला हवी."

तात्पर्य : नदी स्वच्छ हवी असेल, तर आधी खरी नोंद सोसायला शिकावं, आणि त्या नोंदीची सुरुवात स्वतःच्या दारापासून करावी.